उठायचं परमिट

७ डिसेंबर २०२५, रविवार. सकाळी ७.१५

दुरुस्ती. काल लिहिलं, 'आप्पा पडले.' ते चूक आहे. आप्पा कपाटाला टेकले. विहारात वंदनेला जायचं म्हणून पांढरा लेंगा घालत होते. उजवा पाय आत गेला, डावा जमिनीवर एकटा उरला आणि त्याला एकट्याला उभं राहणं जमलं नाही. जमिनीला त्यांचं काहीही लागलेलं नाही. 'डोकं आपटलं' असंही लिहिलंय. डोकं नाही, खांदा. 'रक्त' लिहिलंय ते कपाटावरून सांडलेलं खोकल्याचं औषध.

— संजीवनी

लॉगबुकात खाडाखोड करायची नसते. चुकीवर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं, खाली सही. हे आप्पांनीच शिकवलं. आजोबा म्हणून नव्हे, वायरमन म्हणून. तेहतीस वर्षं वीज बोर्डात होते. मला शाळेत उशिरा घातलं, दुसरीपर्यंतचं सगळं त्यांनी घरीच करून घेतलं. आकडे मीटरवरून, अक्षरं डीपीच्या पाटीवरून. मी लिहिलेला पहिला शब्द 'धोका'.

अडचण एवढीच, की चुकीचं लिहिण्याआधी मी फोनवर अकरा जणांना तसंच सांगितलं होतं. बाबा तर टेम्पो शिवऱ्याला उभा करून निघाले होते. दुरुस्ती फक्त वहीत केली आहे. फोन करून सांगितलं तर लोक बेफिकीर होतील.

रात्री ९.००

परिस्थिती: आप्पा एकोणऐंशी वर्षांचे. आई अंगणवाडीत मदतनीस, नऊ ते तीन घरात नसते. बाबा शनिवारीच येतात. मला १५ तारखेला शिवऱ्याजवळच्या कंपनीत क्वालिटी विभागात हजर व्हायचंय. पत्र आलंय. आयुष्यातलं पहिलं.

ठराव: त्याआधी आप्पांचे पाय पक्के करणे. आठ दिवस आहेत. आठ दिवस पुष्कळ झाले.

१० डिसेंबर, बुधवार

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये ज्येष्ठांचं शिबिर. पायांच्या डॉक्टर, सुलक्षणा मॅडम, पुण्याहून आल्या होत्या. हात छातीशी धरून खुर्चीतून उठायचं-बसायचं, तीस सेकंदांत किती होतात ते मोजतात. आप्पा: अकरा. मॅडम म्हणाल्या, या वयाला ठीक. मग एका पायावर उभं राहणे. उजवा सात सेकंद, डावा चार. मॅडमनी नीट समजावलं. वयाबरोबर मांडीचा, पोटरीचा स्नायू उतरतो. तळपायाला जमीन पूर्वीसारखी कळत नाही. तोल गेला की पाऊल चटकन पुढं पडायला हवं, ते उशिरा पडतं. मी सगळं लिहून घेतलं. आप्पा म्हणाले, "म्या पोलवर पायाची आढी घालून भाकर खाल्लीय, बाई." मॅडम म्हणाल्या, कधी? आप्पा म्हणाले, "झाली असतील पन्नास वर्षं."

शेजारच्या धोंडाबाई, वय एक्याऐंशी, बारा वेळा उठल्या. वर विचारलं, "आजून करू का?" स्पर्धा नव्हती हे मी त्यांना सांगितलं.

पत्रक दिलंय. पुढच्या पानावर 'पडण्याचे धोके'. ते पाठ केलं. मागच्या पानावर व्यायामाची चित्रं आहेत. ती निवांत बघू.

११ डिसेंबर, गुरुवार

घराची पाहणी. धोके: तेवीस. सगळ्यात वाईट, परसदाराच्या तीन पायऱ्या. शेवटची इतरांपेक्षा दोन बोटं उंच आहे. आप्पा रोज तिथून उतरून पेरूच्या झाडाला दोन बादल्या पाणी घालतात. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, दोन्ही हातांत बादल्या, कुठंच धरायला नाही. आजवर काही झालं नाही हा निव्वळ योगायोग.

परसदाराला कुलूप. पेरूला मी पाणी घालणार.

जमिनीवर बसणं बंद. उठताना तोल जातो. बाजारातून हात असलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणली. आप्पा म्हणाले, मांडी घातल्याशिवाय घास उतरत नाही. उतरला. मी समोर बसून पाहिलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पेपर आणायला थांब्यावर जाणं बंद. पेपर मी आणला. आप्पांनी विचारलं, थांब्यावर कोण कोण होतं, चहावाल्याच्या म्हशीचं काय झालं, रस्त्याचं काम कुठवर आलं. मला काहीच माहीत नव्हतं. पेपरात नव्हतं.

१४ डिसेंबर, रविवार

कंपनीच्या मोहिनी मॅडमना फोन. आजोबा पडलेत म्हणून मुदत मागितली. त्या लगेच म्हणाल्या, काळजी घ्या, ५ जानेवारीला या.

दुरुस्ती: 'टेकलेत' म्हणायला हवं होतं. पण फोनवर 'आजोबा टेकलेत' याचा अर्थ वेगळाच झाला असता.

आई म्हणते, "मी दुपारी तीनला घरी असते, धोंडाबाई भिंतीपलीकडं हायेत, जा की तू." आईला जोखीम कळत नाही. नऊ ते तीन, या सहा तासांत काय काय होऊ शकतं याचा मी केलेला तक्ता तिने पाहिलेलाच नाही. मी दाखवला होता, तिने त्यावर वांगी चिरली.

२० डिसेंबर, शनिवार

आज फार मोठी कल्पना सुचली.

आप्पा माझ्या नकळत उठतात. मी सांगते, ते विसरतात, किंवा विसरल्याचं दाखवतात. पण एक गोष्ट ते जन्मात मोडणार नाहीत. परमिट. वायरमन पोलवर चढण्याआधी सबस्टेशनकडून परमिट घेतो: अमुक लाइन बंद केली आहे, असं लेखी. काम संपलं की ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. तोवर लाइन कुणीही चालू करायची नाही, साहेब आला तरी नाही. आप्पांचा एक सोबती परमिट न घेता चढला होता. त्याचं नाव ते अजून घेत नाहीत.

तर: आप्पांना उठायचं असेल तर परमिट. वहीत वेळ, कारण, कुठून कुठं, माझी सही. मगच उठायचं. मी बरोबर चालणार. परत बसले की परमिट बंद.

आप्पांनी फॉर्म बराच वेळ वाचला. म्हणाले, "फीडरचं नाव न्हाई लिवलं." फीडर म्हणजे जी लाइन बंद करायची ती. मी लिहिलं: फीडर, आप्पा. ते म्हणाले, "बरं."

हसले नाहीत. यंत्रणा त्यांना पटली आहे.

२३ डिसेंबर, मंगळवार

परमिटं: पहिल्या दिवशी नऊ, काल सहा, आज चार. विनाकारण उठणं कमी झालं. बसण्याचा वेळ १० तास ४० मिनिटं. हिरव्या पेनने लिहिला.

धोंडाबाई भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "काय गं संजे, म्हाताऱ्याला मखरात बसीवलंय व्हय? आता आरतीच तेवढी राहिली." आप्पा खुर्चीतूनच म्हणाले, "धोंडे, परसाद घिऊन जा." दोघं हसली. मी मध्ये हसले नाही, वही भरत होते.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

आई-बाबा पहाटे भीमा कोरेगावला गेले. आप्पांचं हे पहिलंच वर्ष न जाण्याचं. गर्दी, धक्काबुक्की, चिखल. पाच मुद्दे काढून दिले. आप्पांनी ते वाचून परत दिले. पहाटे उठून दाढी केली, पांढरा सदरा घातला आणि खुर्चीत बसले. लेंगा बसूनच घातला. मी म्हटलं, बघा, किती सुरक्षित.

दिवसभर तसेच बसले होते सदरा घालून. संध्याकाळी आई आली, पायावर डोकं ठेवलं, तेव्हा सवयीने उठायला गेले आणि माझ्याकडे बघून परत बसले.

आईने माझ्याकडे जे पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही.

३ जानेवारी, शनिवार

घरी चाचणी. आप्पा: नऊ. थंडी आहे. थंडीत गुडघे आखडतात, हे सर्वांना माहीत आहे.

मोहिनी मॅडमना फोन. १९ जानेवारी. आवाज मागच्यापेक्षा जरा कोरडा होता, पण रेंज खराब होती.

९ जानेवारी, शुक्रवार

आज जे झालं त्याची नोंद शांतपणे करते.

सकाळी १०.५० ला नसरापूरला गेले, न्हाणीत टाकायला रबरी मॅट आणायला. अकराचं परमिट देऊन ठेवलं होतं: न्हाणी, परत खुर्ची. ते त्यांनी वापरलं आणि बंद केलं. मी साडेबारापर्यंत येणार होते. येताना गाडी चुकली, पुढची आलीच नाही. मोबाईल घरी खुर्चीशेजारी, कारण आप्पांना लागला तर. घरी पोचले तीन वाजून वीस मिनिटांनी.

आप्पा खुर्चीत. शेजारी धोंडाबाई उभ्या, आणि आई.

अकरा वाजून वीस मिनिटांपासून ते उठलेच नव्हते. पाणी हाताच्या अंतरावर नव्हतं. तेही प्यायलं नव्हतं. तीनला धोंडाबाईंनी दारातून पाहिलं आणि ओरडल्या (आप्पांना नावाने हाक मारणाऱ्या त्या एकट्याच), "ऊठ की रं चिमा! भुई काय गिळतीय व्हय तुला?" आप्पा म्हणाले, "परमिट न्हाई." धोंडाबाई म्हणाल्या, "तुज्या परमिटाला लावली काडी," आणि काखेत हात घालून त्यांना ओढलं. पहिल्यांदा उठता आलं नाही. पायच आले नाहीत. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा आईने दुसऱ्या बाजूने धरलं.

न्हाणीपर्यंत जाईतो उशीर झाला होता. आईने लेंगा बदलला. आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

तात्पर्य: यंत्रणा शंभर टक्के पाळली गेली. त्रुटी एकच, परमिट देणाऱ्याने जागा सोडली. यापुढे मी जागा सोडणार नाही.

रात्री. दुरुस्ती: वर 'त्रुटी एकच' लिहिलंय. तो शब्द बरोबर आहे की नाही याची खात्री नाही. रेघ मारलेली नाही.

१२ जानेवारी, सोमवार

थांब्यावर गेले नाही. पेपर बंद केला. रेशन आई आणते. धोंडाबाईंच्या ओट्यावरही गेले नाही. तिथून खुर्ची दिसत नाही.

मोहिनी मॅडमनी स्वतःहून विचारलं, "नक्की येणार ना १९ला?" मी म्हटलं, आजोबांची तब्येत उतरली आहे. हे खरं आहे. त्या म्हणाल्या, १६ फेब्रुवारी, सोमवार, आणि ही शेवटची. त्यांनी 'शेवटची' दोनदा म्हटलं. नोंद घेतली.

१८ जानेवारी, रविवार

आप्पा: सात. खुर्ची दुसऱ्या जागी ठेवून: सात. दुसऱ्या मोबाईलच्या घड्याळावर: साडेसहा, म्हणजे सातव्याला अर्ध्यावर राहिले.

वय कुणाला थांबवता येत नाही. दीड महिन्यात इतकं वाढेल असं मात्र वाटलं नव्हतं. एकटं ठेवून नोकरीला गेले असते तर काय झालं असतं? मी घरी आहे म्हणून सात तरी आहेत.

कंटाळा आला म्हणून स्वतःची चाचणी घेतली. चोवीस वय. चौदा. धाप लागली. डोळे मिटून एका पायावर: सहा सेकंद, नंतर दुरडीत पाय गेला. दुरडी वाटेत होती. तेवीसात चोवीसावा धोका.

२१ जानेवारी, बुधवार

गेनूकाका आले. आप्पांच्या हाताखाली वीस वर्षं हेल्पर होते. आता वेल्ह्याच्या वरच्या वाडीत शेरडं पाळतात. दारातून जोरात, "जयभीम आप्पा! चला, थांब्यावर चा पिऊ." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी परमिटचं पुस्तक काढलं. गेनूकाकांनी ते हातात घेऊन चाळलं, हसू आवरून विचारलं, "आणि शटडाऊन कवापासनं हाय?" आप्पा म्हणाले, "एक म्हैना झाला."

"काम कसलं चाललंय लाइनीवर?"

"काम न्हाई कसलंच," आप्पा म्हणाले. "नुसतीच बंद हाय."

गेनूकाकांचं हसू गेलं. चहा घरातच झाला. जाताना त्यांनी आप्पांच्या मांडीवर हात ठेवला आणि पटकन काढला. मला बाहेर बोलावून म्हणाले, "पोरी, ह्यो मानूस खांब दंडात धरायचा गं. मांडी बघितलीस का? पोकळ बोरू झालाय."

मी त्यांना पत्रकाचं पुढचं पान दाखवलं.

२८ जानेवारी, बुधवार

पुन्हा शिबिर. हॉल आमच्यापासून दोनशे पावलांवर, आप्पांना दोनदा बसावं लागलं. मी खुर्ची बरोबर घेतलीच होती.

सुलक्षणा मॅडमनी चाचणी घेतली. सहा. त्यांनी जुना कागद काढला, अकरा. परत कागद पाहिला. विचारलं, आजारी होते? दवाखान्यात होते? नाही म्हटलं. मी रजिस्टर पुढे केलं. बावन्न दिवसांच्या रोजच्या नोंदी, सही-तारखेसकट. असं रजिस्टर त्यांनी क्वचितच पाहिलं असणार.

त्या उभ्या उभ्या वाचू लागल्या, मग बसून वाचलं. एका पानावर बोट ठेवलं. "बसण्याचा वेळ, अकरा तास वीस मिनिटं. हे हिरव्यात का आहे?" मी म्हटलं, चांगली नोंद हिरव्यात. "हे कुणी ठरवलं?" मी म्हटलं, मी.

त्या हळू बोलल्या. पाय वापरायचे थांबले की म्हातारपणी ताकद फार भरभर जाते. भीतीपोटी माणूस हलत नाही, न हलल्याने पाय जातात, पाय गेल्यावर खरंच पडतो. "तुम्ही पडण्यापासून वाचवत नव्हता, पडायची तयारी करून घेत होता." मागच्या पानावरची चित्रं कुणी पाहिली का? मी खरं सांगितलं. निवांत बघणार होते.

त्यांनी रजिस्टरच्या चार पानांचे फोटो काढले. विद्यार्थ्यांना दाखवायला लागतील म्हणाल्या. मी हिरवं पेन कोणत्या कंपनीचं तेही सांगितलं.

संध्याकाळी धोंडाबाईंनी मला फोटो कशासाठी काढले ते समजावून सांगितलं. भिंतीवरून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.

२९ जानेवारी, गुरुवार

झोप नाही. आकडे परत परत मांडले. अकरा, नऊ, सात, सहा. अकरानंतरच्या पानांवर माझेच ठराव आहेत. परस कुलूप, खुर्ची, पेपर, परमिट. मी रेघ मारायला बसले आणि कुठून मारायची कळेना.

सकाळी आप्पांना म्हटलं, परमिट रद्द, उठा आता. ते म्हणाले, "तोंडी न्हाई चालत."

"कुणी घेतलं परमिट?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही. "न्हाई. लाइन म्या बंद नव्हती केली. तू केलीस. तूच परत करायचं, लिवून."

लिहिते. पण विनाअट कसं लिहिणार?

३१ जानेवारी, शनिवार

मसुदा तिसरा. अटी चौदा. आप्पा वाचतात, परत देतात. आणि परमिट परत आलेलं नाही म्हणून उठताना अजून मला विचारतात. मला वाटतं हे ते मुद्दाम करतात. आई म्हणते, ते मुद्दाम करतात असं तुला वाटतं, यातच सगळं आलं.

१ फेब्रुवारी, रविवार. पौर्णिमा

सकाळी आप्पांनी वंदनेला उठायचं परमिट मागितलं. मेणबत्ती हातात होती, खुर्चीत बसून. मी फॉर्म काढला आणि 'कारण' या रकान्यात काय लिहू, कळेना.

लिहिलं: लाइनवर कोणीही नाही. लाइन चालू करावी. सही, वेळ ६.५२. अटी नाहीत.

आप्पांनी कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला गेले. दोनदा बसले, तिसऱ्यांदा उभे राहिले. मी हात पुढं केला तर म्हणाले, "लाइनीला हात लावायचा न्हाई आता. चालू हाय."

परसदाराचं कुलूप काढलं. पेरू वाळलेला दिसला. मी पाणी घालणार होते.

८ फेब्रुवारी, रविवार

पत्रकाचं मागचं पान भिंतीला चिकटवलंय. ओटा धरून टाचा उचलणे, दहा. खुर्चीतून उठणे, दहा, दिवसातून तीनदा. एका रेषेत पाऊल पुढं पाऊल, भिंतीशेजारून. धोंडाबाई भिंतीपलीकडून आकडे मोजतात आणि मुद्दाम चुकवतात. "सात, आठ, सहा, सात..." आप्पा: "धोंडे, तुला शाळंत कुणी घातली न्हवती का?" "न्हाई. तुज्यावानी नातीला शिकवायला तरी कुठं बसली म्या?"

मी आप्पांच्या मागे दीड फुटावर उभी असते. हे व्यायामात नाही, पण चित्रातल्या माणसाच्या मागेही कुणीतरी असणारच, चित्रात मावलं नसेल.

आज: सात. मॅडमनी सांगितलंय, दोन-तीन महिने धरून चाला.

१५ फेब्रुवारी, रविवार

आप्पा: आठ. उद्या सोमवार. उद्या मी जाणार. ठरलं. सहा चाळीसची चेलाडीकडं जाणारी गाडी, तिथून शिवरे, शिवऱ्यातून कंपनीची बस. डबा, पत्र, आधार, फोटो. ड्रेसला इस्त्री दोनदा.

आप्पा म्हणाले, "सोडायला येतो थांब्यावर." चारशे बारा पावलं. मी आज तीनदा चालून मोजली. वाटेत मोरी आहे, तिथं बसायला जागा. म्हटलं, या. पहाटे निघू, वेळ आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.३०

घरी बसून लिहिते आहे.

५.५५ ला निघालो. पंचेचाळीस मिनिटं. चारशे बारा पावलांना फार झाली. आप्पा काठी टेकत नीट चालत होते. मी मागे, दोन्ही हात पसरून. दिवस उजाडत होता, दूधवाला थांबून बघत होता. मोरीवर मी त्यांना बसायला सांगितलं. ते म्हणाले, नको. मी म्हटलं, बसाच. दहा मिनिटं बसले. पुढे खडी पडली होती, ती मी पायाने बाजूला केली. पुढे कुत्रं झोपलं होतं, ते उठेपर्यंत थांबलो. आप्पा म्हणाले, "तू हो म्होरं, गाडी चुकंल." म्हटलं, गाडी नेहमी उशिरा येते.

६.३८ ला आली. साठ पावलं उरली होती.

आप्पा ओरडले, "पळ की!" मी आप्पांकडे पाहिलं. काठी, खडी, रस्त्याची उतरती कड. त्यांनी मला हाताने ढकललं. खरंच ढकललं. "जा गं, म्या काय पडत न्हाई!" मला पाऊल उचलता आलं नाही. पाय माझे चोवीस वर्षांचे आहेत आणि जागच्या जागी होते. कंडक्टरने वाट पाहिली, हात केला, घंटी मारली.

दोघं थांब्यावर पोचलो. चहावाला म्हणाला, "आप्पा! लई दिसांनी!" म्हशीला रेडा झाला म्हणे.

६.५५ ला समोरच्या बाजूने वेल्ह्याची गाडी आली. आप्पांनी चहाचा पेला ठेवला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि रस्ता ओलांडायला लागले. मी म्हटलं, आप्पा, कुठं? ते थांबले नाहीत. चालताना बोलायचं नाही असं पत्रकात आहे. दाराची दांडी डाव्या हाताने धरली, उजवा पाय पायरीवर ठेवला. ती पायरी गुडघ्याएवढी. एकदा जोर केला, नाही झालं. मी रस्त्याच्या मधोमध. मागून मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत होता. दुसऱ्यांदा कंडक्टरने हात दिला. आप्पांनी धरला. वर गेले.

खिडकीतून म्हणाले, "गेनूकडं जातो. सांच्याला येतो. आईला सांग."

गाडी गेली. मी डबा घेऊन उभी. चहावाल्याने विचारलं, "ताई, तुमी कुठं निघाला होता?"

रात्री ८.१०

साडेपाचला आप्पा आले. गेनूकाका बरोबर नव्हते. एकटेच. चारशे बारा पावलं एकटे. थकलेले होते, पाय सुजल्यासारखे, दारात बराच वेळ चौकट धरून उभे राहिले. पण आले. बसून लेंगा बदलताना आईला सांगत होते, वाटेतल्या विंझरपर्यंत उभं राहावं लागलं, एकाही पोराने जागा दिली नाही. तक्रारीच्या सुरात नव्हे. आईने चार वेळा विचारलं आणि चारही वेळा सांगितलं.

मला काही विचारलं नाही. डबा मी दुपारीच खाल्ला होता. खुर्चीत बसून.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मोहिनी मॅडमना फोन. ती जागा दुसऱ्या कुणाला दिली म्हणाल्या. पुढची भरती २ मार्चला, पण आता पत्र वगैरे नाही, रांगेत या. आणि काम उभ्याने आहे, आठ तास. आधी चार तास उभं करून बघतात, जमलं तर घेतात. मी म्हटलं, आजोबांना आता... त्या म्हणाल्या, "आजोबांचं नको. तुमचं सांगा."

फोन त्यांनीच ठेवला.

२२ फेब्रुवारी, रविवार

आप्पा: आठ. मी: चौदा. उभं राहणे, परसात, न टेकता: एक तास दहा मिनिटं, मग पोटऱ्या भरून आल्या. धोंडाबाई म्हणाल्या, "चौघात सांगू नगंस हां, एक तास उबी राहिली म्हणून." एक तास दहा.

मी आप्पांना सांगितलं, २ तारखेला जाते आहे, तुम्ही थांब्यावर येऊ नका. मागच्या वेळेची गाडी तुमच्यामुळे चुकली.

दुरुस्ती: तुमच्यामुळे नाही.

हे मोठ्याने म्हटलं नाही. इथं लिहिलं, सही केली. आप्पा टाचा उचलत होते, ओट्याला धरून, पाठमोरे. म्हणाले, येत नाही, त्या दिवशी गेनूच्या वाडीवर जायचंय, वेळ नाही. म्हणजे घरात कुणी नसेल. ज्यांच्यासाठी थांबायचं तेच घरी नाहीत.

आता कारण उरलेलं नाही. दोनदा तपासलं.

जाणार. एकटी, कुणाच्या मागे नाही, कुणाच्या पुढे नाही. सोमवार, २ मार्च २०२६, सकाळी सहा चाळीस.